फेदरस्टनहॉ की फॅनशॉ? एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा धागा

जुनी_वही

एफ-ई-ए-टी-एच-ई-आर-एस-टी-ओ-एन-एच-ए-यू-जी-एच. सोळा अक्षरं. फेदरस्टनहॉ असं वाचलंत तर कुणी हसणार नाही, पण हे आडनाव लावणारे बरेच लोक स्वतःला सरळ 'फॅनशॉ' म्हणवतात, मधलं सगळं गिळून. इंग्रजी आडनावांवर इथे आधी बोलणं झालंय पण ते स्मिथ म्हणजे लोहार नि टेलर म्हणजे शिंपी ह्याच्या पुढे काही सरकलं नव्हतं, म्हणून म्हटलं एकच दुर्मीळ आडनाव धरू आणि पार मुळापर्यंत जाऊ.

मूळ ठिकाण इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमध्ये. हाल्टव्हिसल म्हणून छोटं शहर आहे, त्याच्याजवळ साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टन कॅसल आहे. रोमन लोकांनी बांधलेली हेड्रियनची भिंत इथून जवळच आणि स्कॉटलंडची हद्दही फार लांब नाही. म्हणजे मुलूख सरहद्दीचा, गुरं पळवणे नि घरं जाळणे हा तिकडचा कित्येक पिढ्यांचा उद्योग.

नावातला शेवटचा 'हॉ' म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, आपण मळई म्हणतो तशी. 'स्टन' म्हणजे दगड. घोळ आहे तो 'फेदर'चा. पिसाशी संबंध नसावा असं स्थळनामांचे अभ्यासक म्हणतात, जुन्या इंग्रजीत जोडशब्दात 'चार' ह्या अर्थी असाच शब्द यायचा, तेव्हा 'चार दगड', म्हणजे तीन उभ्या शिळा आणि त्यावर टाकलेली चौथी आडवी असं काहीतरी प्राचीन बांधकाम. चार शिळांजवळची मळई. १०६६ ला फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर जहागीरदारांनी गावाचं नाव वंशपरंपरेने लावायला सुरुवात केली आणि १४०० च्या आसपासपर्यंत साध्या माणसांकडेही कायमची आडनावं आली. फेदरस्टनहॉ हे पहिल्या प्रकारातलं, म्हणजे ज्यांची जमीन त्यांचंच नाव.

आणि लगेच रक्तपात. ऑक्टोबर १५३० मध्ये ह्या घराण्यातल्या अल्बनी फेदरस्टनहॉचा शेजारच्या रिडली लोकांनी खून केला. पंचनाम्याची नोंद आहे, मारेकऱ्यांची नावंही आहेत. पण खरी गंमत पुढे पावणेतीनशे वर्षांनी झाली. रॉबर्ट सर्टीस म्हणून डरहॅमचे इतिहासकार होते, त्यांनी ह्या खुनावरचा एक 'जुना' पोवाडा प्रसिद्ध कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला पाठवला. सोबत सगळा पुरावा, की ऑल्स्टन मूरच्या शिशाच्या खाणीतल्या एका कामगाराची ऐंशी वर्षांची आई हे म्हणते, तिच्या तोंडून उतरवून घेतलंय, अवघड बोलीशब्दांवर टिपाही. स्कॉट एकदम खूश. त्यांनी १८०८ ला आलेल्या आपल्या 'मार्मियन' ह्या काव्यात तो वापरला. आणि पोवाडा होता सर्टीस साहेबांनी स्वतः घरी बसून रचलेला! स्कॉट १८३२ ला गेले, सर्टीस १८३४ ला, आणि बिंग फुटलं ते त्यानंतर. मला ह्यात सर्टीसबद्दल राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटतं, त्या टिपा लिहिताना माणूस काय खुदखुदत असेल.

बाकी प्रतिसादांत लिहितो, एका दमात सगळं टाकलं तर कुणी वाचत नाही.

कोकमसरबत

वाचतेय. पण ते फेदरस्टनहॉचं फॅनशॉ नक्की कसं झालं? आणि फॅनशॉ नावाचं वेगळं आडनाव पण आहे ना? माझ्या ऑफिसात एक होता, तो डर्बीशायरचा होता.

जुनी_वही

कोकमताई, तुमचा ऑफिसवाला वेगळ्या घराण्यातला. ते फॅनशॉ आडनाव डर्बीशायरमधल्या फॅनशॉ गेट ह्या ठिकाणावरून आलंय, उच्चार सारखा पण नातं नाही.

उच्चाराचं म्हणाल तर इंग्रजीत पहिल्या अक्षरावर जोर पडला की मागची अक्षरं झिजत जातात. ग्लॉस्टर, वुस्टर, लीस्टर ह्यांची स्पेलिंगं आठवा. इथे 'दर' गेला, 'ट' गेला, उरलेला 'स' पुढच्या 'हॉ'ला चिकटला आणि 'शॉ' झालं. शेवटचे जी-एच पूर्वी घशातून 'ख' सारखे बोलायचे, नंतर ते काही शब्दांत गप्प झाले (डॉटर) नि काहींत 'फ' झाले (लाफ). बोलणं पुढे गेलं, लिहिणं मागे राहिलं, कारण लिहिणं जमिनीच्या कागदांत अडकलेलं. ह्या एका आडनावाचे फेदरस्टनहॉ, फेस्टनहॉ, फीसनहे असे उच्चार सांगतात, आणि त्यातला कुठला बरोबर हे ज्याचं आडनाव त्यालाच विचारायचं. स्पेलिंगही एक नाही, 'ए' असलेलं, 'ए' गाळलेलं, मधे जादा 'ई' घातलेलं...

उंटावरचा_शहाणा

ह्यांच्यात ही खोडच आहे. चॉलमॉन्डेली लिहून चमली म्हणायचं, मार्जोरीबँक्स लिहून मार्चबँक्स, मेनवेअरिंग लिहून मॅनरिंग. मुंबईकरांना ह्याचा फटका कुलाब्यात बसलाय, वुडहाउस रोडचं स्पेलिंग डब्ल्यू-ओ-डी-ई, त्यामुळे निम्मी दुनिया वोडेहाउस म्हणायची. मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस, १८७२ ते ७७. आता नाथालाल पारेख मार्ग झालाय तरी टॅक्सीवाले जुनंच नाव घेतात.

माझा मुद्दा वेगळा आहे. हे आडनाव 'दुर्मीळ' कशावरून? फेदरस्टोन तर ढिगाने सापडतात.

जुनी_वही

बरोबर विचारलंत. फेदरस्टोन नावाचं गाव यॉर्कशायरला आहे, स्टॅफर्डशायरला आहे, तिकडून निघालेले सगळे फेदरस्टोन. शिवाय मूळचे फेदरस्टनहॉ पण शेपूट तोडून फेदरस्टोन किंवा फेदरस्टन झाले. म्हणजे शेपटीसकट पूर्ण आडनाव ज्यांनी टिकवलं ते थोडे, आणि का टिकवलं हे बघायला गेलं तर बहुतेक वेळा त्याला जमीनजुमला चिकटलेला दिसतो.

सतराव्या शतकात इंग्लंडात राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध झालं, त्यातले सर टिमोथी हे त्यातलंच एक नाव. कंबरलँडमधल्या कर्कऑस्वल्डचे, राजाच्या बाजूने लढले, १६५१ ला विगनजवळच्या लढाईत पकडले गेले आणि त्याच वर्षी चेस्टरला त्यांचं मुंडकं उडवलं.

टेम्सकाठचा_सातारकर

वा जुनी_वही, माझ्या आवडीचा विषय काढलात. ससेक्समधलं अपार्क हाउस बघून आलोय, तिथली कहाणी ह्याच आडनावाची आहे, थोडं लांबेल पण सांगतो.

न्यूकॅसलचे मॅथ्यू फेदरस्टनहॉ, ह्यांचे वडील तिकडे महापौर होते. ह्यांना एसेक्सच्या सर हेन्री फेदरस्टन ह्या लांबच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली, चार लाख पौंडाच्या आसपास, १७४६ मध्ये! अट अशी की सरदारकीचा किताब मिळवायचा आणि दक्षिणेत जमीन घ्यायची. दोन्ही केलं, १७४७ ला अपार्क विकत घेतलं. उंच टेकडीवर लाल विटांचा वाडा, समोर लांबवर समुद्र दिसतो.

त्यांचा एकुलता मुलगा सर हॅरी, जन्म १७५४. हा रंगेल गडी. १७८१ च्या सुमारास ह्याने एमा नावाची पंधरा-सोळा वर्षांची पोरगी वाड्यावर आणून ठेवली. मित्रांच्या पार्टीत ती जेवणाच्या टेबलावर नाचायची अशी दंतकथा, टेबल अजून दाखवतात. तिला दिवस गेल्यावर ह्याने सरळ हाकलून दिलं. तीच पुढे लेडी हॅमिल्टन झाली, ॲडमिरल नेल्सनची प्रेयसी एमा. तेव्हाही सर हॅरींशी तिचा पत्रव्यवहार होता म्हणे, म्हणजे बाईने डूख धरला नाही, मी धरला असता.

आता पुढचं ऐका. सर हॅरी सत्तरी ओलांडेपर्यंत बिनलग्नाचे. १८२५ ला त्यांनी स्वतःच्या डेअरीत दूध-लोणी बघणाऱ्या मेरी ॲन बुलक ह्या विशीतल्या मुलीला मागणी घातली. असं सांगतात की ते म्हणाले आत्ता उत्तर देऊ नकोस, होकार असेल तर आज माझ्या जेवणासाठी जी मटणाची तंगडी वर येईल तिचा एक काप काढून ठेव. तंगडी आली ती कापलेली! लग्न झालं, तिला शिकायला पॅरिसला पाठवलं. सर हॅरी १८४६ पर्यंत जगले, नव्वदी ओलांडून.

डेअरी अजून आहे, छोटी टुमदार खोली, पांढऱ्या फरश्या आणि खाली गारवा राहील अशी रचना. आणि वाड्यापासून स्वयंपाकघर नि तबेल्याकडे जाणारे जमिनीखालचे बोगदे आहेत, नोकर मंडळी पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. त्या बोगद्यातून चालताना वर उजेडाला ठेवलेली झरोक्यांची भोकं दिसतात. ह्याच वाड्यात लेखक एच. जी. वेल्सची आई १८८० पासून १८९३ पर्यंत हाउसकीपर होती आणि वेल्स पोरगेला असताना तिथल्या लायब्ररीतली पुस्तकं फस्त करायचा.

मिरजेचा_तंबोरा

मटणाची तंगडी!! हसून हसून पुरेवाट. पण मग मूलबाळ नाही म्हणजे आडनाव तिथेच संपलं असणार?

जुनी_वही

नाही ना, आणि माझा सगळा धागा ज्यासाठी काढला तो मुद्दा हाच. सातारकरांनी पाया घालून दिला, धन्यवाद.

मेरी ॲन १८७४ ला वारली. वाडा गेला तिची बहीण फ्रान्सिस बुलककडे. दोघी बहिणी जन्माने बुलक, फेदरस्टनहॉ रक्ताचा थेंब नाही, तरी फ्रान्सिसने आडनाव फेदरस्टनहॉ करून घेतलं. तिने लग्न केलं नाही, १८९५ ला गेली. वाडा आला कर्नल कीथ टर्नर ह्यांच्याकडे, अर्ल विंटरटन ह्या उमरावाचा धाकटा मुलगा, अट काय तर आडनाव लावा. झाले टर्नर-फेदरस्टनहॉ. त्यांच्यानंतर अ‍ॅडमिरल हर्बर्ट मीड, तेही झाले मीड-फेदरस्टनहॉ. म्हणजे १८४६ नंतर ह्या वाड्यात राहिलेला एकही पुरुष रक्ताने फेदरस्टनहॉ नाही आणि पाटी मात्र तीच. उत्तरेत चार दगडांवरून सुरू झालेलं नाव दक्षिणेत एका गवळणीच्या कुटुंबाने आणि एका नौदलवाल्याने जिवंत ठेवलं, तेही मृत्युपत्राच्या जोरावर. त्यांच्याकडे ह्याला रीतसर पद्धत आहे, मृत्युपत्रात नाव आणि कुलचिन्ह घेण्याची अट घालायची आणि वारसाने राजाची परवानगी काढून ते घ्यायचं. इंग्लंडमधली जोड-आडनावं बघून आपल्याला वाटतं केवढं खानदानी, त्यातली कित्येक अशी कुणाची तरी इस्टेट गळ्यात पडल्यामुळे झालेली असतात.

आडवातिडवा

ह्यात नवल ते काय? आपल्याकडे दत्तक हेच करतो. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, घाटगे गेलं, भोसले आलं. उगीच इंग्रजांचं काहीतरी वेगळं म्हणून सांगायचं.

जुनी_वही

आडवातिडवा, वरवर सारखं दिसतं पण क्रम उलटा आहे हो. दत्तकात आधी मुलगा व्हावं लागतं, विधी होतात, जन्मघराशी नातं सुटतं, पिंडाचा अधिकार येतो, आणि मग त्याच्या मागून गादी नि इस्टेट. इंग्लंडात तेव्हा कायद्याने दत्तक असा प्रकारच नव्हता, तो आला १९२६ च्या कायद्याने. त्यामुळे निपुत्रिक जमीनदारापुढे मार्ग एकच, ज्याला जमीन द्यायची त्याच्या गळ्यात नाव अडकवायचं. वारस आपल्या आईबापाचाच राहतो, फ्रान्सिसबाई कागदावर फेदरस्टनहॉ आणि नात्याने बुलकच. आपल्याकडे माणूस घरात घेतात, त्यांच्याकडे घरावरची पाटी माणसाला लावतात.

उंटावरचा_शहाणा

+१. हा प्रतिसाद वर धाग्यातच टाका. आणि त्या अपार्कला नंतर मोठी आग लागली होती ना?

टेम्सकाठचा_सातारकर

हो, ३० ऑगस्ट १९८९. वाडा १९५४ पासून नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. छपराच्या शिशाच्या पत्र्यांची दुरुस्ती चालली होती, संपतच आली होती, आणि कामगाराच्या ब्लोटॉर्चने पेट घेतला. वरचा मजला पूर्ण गेला. पण खाली आग पोचेपर्यंत घरच्यांनी, कर्मचाऱ्यांनी, अग्निशामकवाल्यांनी रांग लावून चित्रं, फर्निचर, गालिचे हिरवळीवर आणून टाकले. नंतर ट्रस्टने ठरवलं की जसं आगीच्या आदल्या दिवशी होतं तसंच उभं करायचं, म्हणजे नवं कोरं नाही, रंग उडालेला असेल तर उडालेलाच. प्लास्टरवरची नक्षी हाताने करणारे कारागीर नव्याने तयार करावे लागले. १९९५ ला परत उघडला. आत गेल्यावर कुठलं जुनं नि कुठलं नवं हे मला तरी ओळखता आलं नाही.

खडकफोड्या

भूगर्भशास्त्रवाल्यांतर्फे हजेरी. आमच्याकडे जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ आहेत, जन्म लंडन १७८०, मृत्यू १८६६. १८०६ ला अमेरिकेत गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या जमीनदार ड्यूएन घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, शेती केली, मोहॉक अँड हडसन रेल्वेसाठी खटपट केली. तिची सनद १८२६ ची आणि गाडी धावली १८३१ ला, म्हणजे अमेरिकेतल्या अगदी पहिल्या रेल्वेंपैकी. १८३४ ला अमेरिकन सरकारचे पहिले भूगर्भतज्ज्ञ म्हणून नेमणूक. आर्कान्सा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा नदी असे घोड्यावरून नि होडीतून हिंडले. मग इंग्लंडला परत, आणि ज्या अमेरिकेची नोकरी केली तिच्याच विरुद्ध बाजूने मेन राज्याच्या हद्दीच्या वादात ब्रिटिशांचे कमिशनर! तो वाद १८४२ च्या तहात मिटला. अमेरिकनांना हे फार झोंबलं होतं.

पण त्यांचा सगळ्यात भारी किस्सा १८४८ चा. तेव्हा ते फ्रान्समध्ये ल हाव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल, म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी होते. पॅरिसला क्रांती झाली, राजा लुई फिलिप पळाला. कल्ले उतरवले, डोळ्यांवर गॉगल, साधा कोट. राजा बंदरावर पोचल्यावर फेदरस्टनहॉ साहेबांनी गर्दीसमोर मोठ्यांदा इंग्रजीत 'काका, कसे आहात' करून त्याला मिठीत घेतल्यासारखं केलं, इंग्रज काका-पुतणे असल्याच्या थाटात गप्पा मारत बोटीवर चढवला. पासपोर्टवर नाव मिस्टर विल्यम स्मिथ. ३ मार्चला राजा न्यूहेवनला उतरला.

कोकमसरबत

सोळा अक्षरी आडनावाच्या माणसाने राजाला लपवायला काय शोधलं तर स्मिथ. ह्याला म्हणतात अनुभव, स्वतःचं नाव आयुष्यभर लोकांना समजावून सांगणाऱ्यालाच कळतं बिनबोभाट नावाची किंमत.

मिरजेचा_तंबोरा

त्या मूळच्या कॅसलचं पुढे काय झालं? आणि तिथे भुतंबितं नाहीत का, असल्या वाड्यात पाहिजेतच.

जुनी_वही

आहेत की, तीही वऱ्हाडासकट. गोष्ट अशी सांगतात की जहागीरदाराने पोरगी ॲबिगेल हिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावलं, तिचं मन होतं रिडलींच्या पोरावर (परत रिडली!). लग्नानंतर वरात शिकारीला निघाली, पिंकिन क्ल्यू नावाच्या घळीत रिडलींनी गाठलं, मारामारीत सगळे मेले, ती मुलगी पण. इकडे बाप ताटं मांडून वाट बघतोय. मध्यरात्री दार उघडलं, वऱ्हाड आत आलं, पांढरंफटक, आवाज नाही, आणि टेबलखुर्च्यांतून आरपार चालत गेलं. बाप तिथेच वेडा झाला. ह्याला कागदाचा आधार काही नाही, पण १५३० चा खरा खून आणि ही गोष्ट शेजारी ठेवली तर दोन घराण्यांचं वैर लोकांच्या डोक्यात किती पक्कं बसलं होतं ते दिसतं. ऑक्सफर्डला १५५५ मध्ये जिवंत जाळलेले बिशप निकोलस रिडली त्याच मुलखातल्या त्याच रिडलींपैकी.

कॅसल घराण्याच्या हातून कधीच गेलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्याच्या आवारात, नदीकाठच्या त्या मळईवरच, जर्मन अधिकाऱ्यांसाठी युद्धकैद्यांची छावणी होती, कॅम्प नंबर १८. तिथला दुभाषी हर्बर्ट सुल्झबाख. हा जर्मन ज्यू, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढून आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला, नंतर नाझींमुळे देश सोडून ब्रिटिश सैन्यात आलेला. ह्याने १९४६ पासून छावणी बंद होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, त्या अधिकाऱ्यांशी बसून बोलून लोकशाही म्हणजे काय हे त्यांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला, आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याशी संबंध ठेवले. आडनावाच्या धाग्यात हे अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

टोरांटोचा_पोहेवाला

आमच्याकडचं पण एक घ्या. टोरांटोला फ्रेडरिक फेदरस्टनहॉ म्हणून पेटंटचे वकील होते. १८९३ च्या टोरांटोच्या प्रदर्शनात त्यांच्यासाठी बांधलेली विजेवर चालणारी गाडी लोकांनी बघितली, कॅनडातली पहिली. लोक आत्ता इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक करतायत. एक प्रश्न, आमच्या शेजारच्या आजी म्हणतात त्यांच्या माहेरच्या पूर्वजांत हे आडनाव होतं, पण त्यांना रेकॉर्डमध्ये काही सापडत नाही. कसं शोधायचं?

जुनी_वही

एकाच स्पेलिंगवर अडून बसायचं नाही. इंग्लंडात चर्चमधली जन्म-लग्न-मृत्यूची वहीच मुळी १५३८ च्या हुकुमापासून सुरू झाली, आणि लिहिणारा पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. तेव्हा आजींना सांगा, फेदरस्टोन, फेदरस्टन, फेदरस्टनहॉ (ए सकट आणि ए शिवाय), आणि शेवटी फॅनशॉ, ह्या सगळ्यांखाली बघा. नॉर्थम्बरलँड आणि कंबरलँड आधी, मग डरहॅम. आयर्लंडला गेलेली शाखा पण आहे, तिकडून बरेच लोक कॅनडात आले, त्यामुळे आजींच्या बाबतीत मी तरी तिकडूनच सुरुवात केली असती. गावाचं नाव माहीत असेल तर विचारून इथे टाका, बघू काय लागतंय हाताला.